जाणारे आणि राहणारे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगारांच्या नावाने स्थापन झालेले राज्य सोडून कामगारच शेजारच्या भांडवलशाही देशात जाऊ लागले, तर त्याचा अर्थ काय लावावयाचा? समाजवादी चळवळीने हा प्रश्न पुष्कळदा टाळला आहे. टाळण्याच्या दोन रीती आहेत. एक पक्ष म्हणतो, माणसे चैनीला भुलली, शत्रूच्या प्रचाराला बळी पडली. दुसरा पक्ष म्हणतो, समाजवाद मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, म्हणून माणसे पळाली, विषय संपला. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोहोंतही प्रत्यक्ष जाणाऱ्या माणसाची विचारपूस नाही. रात्री मुले झोपल्यावर स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलणारे नवराबायको, म्हाताऱ्या आईला सांगावे की न सांगावे या विवंचनेत असलेला मुलगा, नोकरीचा राजीनामा न देता एकच पेटी घेऊन निघणारी परिचारिका, यांच्यापुढे सिद्धांताचा पेच नव्हता. जावे की राहावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्पष्ट धडा पूर्व जर्मनीच्या इतिहासात मिळतो. ७ ऑक्टोबर १९४९ रोजी जर्मन लोकशाही प्रजासत्ताक स्थापन झाले आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी ते संपले. या एक्केचाळीस वर्षांचा इतिहास अनेक अंगांनी सांगता येईल. परंतु जाणारे आणि राहणारे यांच्या बाजूने तो पाहिला, म्हणजे राज्यकर्त्यांच्या घोषणांपेक्षा बरेच अधिक समजते.

तराजूची दोन पारडी

प्रथम आकडे पाहू. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे सत्तावीस लाख माणसे पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेस गेली. १९५३ या एकाच वर्षी गेलेल्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर होती. जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे पंचविशीच्या आतली होती. राष्ट्र उभारावयाचे ते ज्यांच्या हातांनी, तेच हात निघून चालले होते.

२६ मे १९५२ रोजी दोन जर्मनींमधील मुख्य सीमा पूर्व बाजूने बंद करण्यात आली आणि सीमेलगत पाच किलोमीटरचा निषिद्ध पट्टा आखला गेला. बर्लिन शहर मात्र चार दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असल्यामुळे खुले राहिले. पूर्व बर्लिनमध्ये शहरी रेल्वेचे साधे तिकीट काढावे आणि काही स्थानकांनंतर पश्चिम विभागात उतरावे, एवढेच करावयाचे असे. धोका तपासणीचा. फार सामान जवळ दिसले तर पोलिसांना संशय येई. म्हणून माणसे रविवारच्या फेरफटक्याला निघाल्यासारखी निघत. मुलांना खरे सांगितलेले नसे. पश्चिम बर्लिनमध्ये मारीनफेल्ड येथे १९५३ साली स्वागत-छावणी उघडली. तेथे नोंद होई, चौकशी होई आणि पुढे विमानाने पश्चिम जर्मनीत रवानगी होई.

या स्थलांतराचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. परदेशी जाणाऱ्याला सामान्यतः भाषा बदलावी लागते, नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते. येथे शेजारच्या देशाची भाषा तीच होती, बहुधा मामा किंवा आत्या तेथेच राहत होती आणि पश्चिम जर्मनीच्या कायद्याच्या दृष्टीने पूर्वेचा माणूस आधीपासूनच तिचा नागरिक होता. जाण्याची किंमत इतकी कमी असता राहण्याचे कारण भक्कम असावे लागते.

राहण्याची कारणे नव्हती असे नाही. ती नोंदविल्याखेरीज न्याय होणार नाही. हिटलरशाहीच्या राखेतून उठलेल्या अनेकांना पूर्वेकडील राज्य हेच खऱ्याखुऱ्या फॅसिस्टविरोधी जर्मनीचे राज्य वाटत होते. पश्चिमेत नाझी काळातील न्यायाधीश आणि अधिकारी पुन्हा खुर्च्यांवर बसत होते, ही वस्तुस्थिती होती. पूर्वेत जमीनदारांची जमीन वाटली गेली होती, कामगारांच्या मुलांना विद्यापीठांची दारे उघडली होती, घरभाडे स्वस्त होते. बेर्टोल्ट ब्रेख्टसारखा नाटककार परदेशातून परत येऊन पूर्व बर्लिनमध्ये राहिला. काही माणसे तर उलट दिशेने गेली. हाम्बुर्गचा एक तरुण धर्मोपदेशक १९५४ साली पूर्वेकडील चर्चला माणसे कमी पडतात म्हणून बायको आणि तान्ही मुलगी घेऊन तिकडे राहावयास गेला. ती मुलगी अँगेला मेर्केल पुढे एकत्रित जर्मनीची चॅन्सेलर झाली. पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेल्यांची संख्या काही लाखांत भरते, हे फारसे कोणी सांगत नाही.

आर्थिक तुलनाही सरळ नव्हती. पश्चिमेला अमेरिकेची मार्शल योजनेची मदत मिळाली. युद्धनुकसानीची भरपाई मात्र मुख्यतः पूर्वेने सोसली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी कारखाने उखडून नेले, रेल्वेचे रूळ नेले, चालू उत्पादनातूनही वाटा घेतला. ही भरपाई १९५३ च्या अखेरीपर्यंत चालू होती. एकाच्या पाठीवर ओझे आणि दुसऱ्याच्या हातात काठी, अशी ती शर्यत होती.

हे सर्व खरे धरूनही दुसरे पारडे जड होत गेले. शेतकऱ्याला सहकारी शेतीत बळाने ओढले गेले; १९६० च्या वसंतात तर ही मोहीम धाकदपटशाने पुरी करण्यात आली. दुकानदाराची शिधापत्रिका काढून घेण्यात आली. चर्चच्या युवक मंडळात जाणाऱ्या मुलीला शाळेतून काढण्यात आले. डॉक्टरच्या मुलाचे गुण उत्तम असूनही उच्च शिक्षणाच्या प्रवेशात त्याला मागे ढकलण्यात आले, कारण त्याचा बाप कामगार नव्हता. आणि जो कामगार होता, त्याला आपल्या संघटनेत आपल्या मालकाविरुद्ध, म्हणजे राज्याविरुद्ध, बोलण्याची सोय नव्हती. वस्तूंचा तुटवडा माणूस सोसतो. युद्धोत्तर काळात तर सर्वांनीच सोसला. आपल्या मुलाचे भवितव्य एखाद्या कारकुनाच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, हे मात्र आईबाप फार काळ सोसत नाहीत.

बोलण्याचे दार बंद झाले तेव्हा

या संदर्भात १९५३ च्या जून महिन्याचा क्रम लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. मे महिन्यात सरकारने कामाचे प्रमाण किमान दहा टक्क्यांनी वाढविण्याचा निर्णय घेतला. म्हणजे त्याच मजुरीत अधिक काम. पुढे मॉस्कोच्या दडपणाखाली पक्षाने ‘नवे धोरण’ जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांना, दुकानदारांना, चर्चच्या मंडळींना सवलती मिळाल्या. निघून गेलेल्यांनी परत यावे म्हणून आश्वासने दिली गेली. कामगारांवरील वाढीव कामाचे प्रमाण तेवढे कायम राहिले. कामगारांच्या राज्यात सर्वांना सूट मिळाली, आणि कामगार तेवढा राहिला!

१६ जून रोजी पूर्व बर्लिनमधील स्टालिन हमरस्त्यावर इमारती बांधणाऱ्या कामगारांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते सरकारी कचेरीवर चालून गेले. त्या दुपारी वाढीव प्रमाण मागे घेतले गेले, पण वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी, १७ जून रोजी, देशभर शेकडो गावांत आणि शहरांत संप झाले. कामाच्या प्रमाणापासून निघालेली मागणी मुक्त निवडणुकीपर्यंत पोहोचली. सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर आले, पन्नासांहून अधिक माणसे मेली आणि उठाव चिरडला गेला.

हे कामगार पळून गेले नव्हते. बर्लिनची सीमा त्यांच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर होती. ती ओलांडण्याऐवजी ते आपल्याच सरकारच्या दारात गेले. राहून, बोलून, भांडून बदल घडविण्याचा मार्ग त्यांनी प्रथम निवडला होता. तो रणगाड्यांनी बंद केला. त्यानंतर जो गाडीत बसून गेला, त्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार त्या राज्याला उरला नाही. तरीही १९५७ च्या अखेरीस परवानगीवाचून देश सोडणे हा दंडनीय गुन्हा ठरविण्यात आला.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या ग्रंथात या विषयाची मांडणी केली. संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. आणि निष्ठा असली की माणूस बाहेर पडणे लांबणीवर टाकून आवाज उठविण्याची शिकस्त करतो. हिर्शमन स्वतः बर्लिनचा. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच अठराव्या वर्षी त्याला देश सोडावा लागला. योगायोग असा की, त्याच बर्लिनमध्ये शिकत असलेले डॉ. राममनोहर लोहिया हेही १९३३ मध्येच मायदेशी परतले. एकाला घर सोडावे लागले, दुसरा घरी आला. दोघांनीही लोकशाही मरताना डोळ्यांनी पाहिली होती.

भिंत

१९६१ च्या उन्हाळ्यात जाणाऱ्यांचा लोंढा वाढला. जुलैत तीस हजार माणसे गेली. रुग्णालयांतून डॉक्टर, कारखान्यांतून तंत्रज्ञ नाहीसे होऊ लागले. १५ जून रोजी वाल्टर उल्ब्रिख्ट यांनी पत्रकारांना सांगितले होते की, भिंत बांधण्याचा कोणाचाही इरादा नाही. १३ ऑगस्टच्या पहाटे बर्लिनकर जागे झाले ते रस्त्यावरील काटेरी तारांच्या आवाजाने. पुढे त्या तारांची भिंत झाली. पश्चिम बर्लिनभोवतीची तिची लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. राज्याने तिला ‘फॅसिस्टविरोधी संरक्षक तट’ असे नाव दिले. परंतु पहारेकऱ्यांची तोंडे आत होती. त्या भिंतीपाशी निदान १४० माणसे प्राणास मुकली.

भिंतीचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, तो समजून घेतला पाहिजे. समाजाच्या पैशाने डॉक्टर शिकवावा आणि त्याने शेजारच्या श्रीमंत देशात जाऊन दवाखाना थाटावा, यात अन्याय आहेच. गरीब देशांतील कार्यकर्त्यांना हा अन्याय परिचयाचा आहे. म्हणून काही प्रामाणिक लेखकांनाही वाटले की, एकदा दार लागले म्हणजे घरातल्या घरात मोकळेपणाने बोलता येईल. शत्रूच्या कानाची भीती उरणार नाही. क्रिस्टा वोल्फ यांची ‘विभागलेले आकाश’ या अर्थाच्या नावाची कादंबरी १९६३ साली निघाली. तिच्यातील रीटाचा प्रियकर रसायनतज्ज्ञ आहे. त्याच्या संशोधनाची कारखान्यात उपेक्षा होते आणि तो पश्चिम बर्लिनमध्ये राहतो. भिंत उभी राहण्यापूर्वीच्या अखेरच्या दिवसांत रीटा त्याला भेटावयास जाते आणि परत येते. पण हा परतीचा निर्णय लेखिकेने फुकाचा ठेवलेला नाही. रीटा त्या आघाताने आजारी पडते. त्या काळच्या पूर्व जर्मन वाचकांना ही कादंबरी जिव्हाळ्याची वाटली, कारण जाणाऱ्याला तिने राक्षस केले नाही आणि राहणाऱ्याला देवत्व दिले नाही.

घरातल्या घरात मोकळेपणा येईल ही आशा मात्र पाच वर्षेही टिकली नाही. डिसेंबर १९६५ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या अकराव्या अधिवेशनाने लेखक, संगीतकार आणि चित्रपट यांवर घाव घातला. त्या सुमाराच्या चित्रनिर्मितीचा मोठा भाग पेट्यांत बंद झाला. जाण्याची सोय काढून घेतल्यामुळे राज्यकर्त्यांना ऐकण्याची गरजच उरली नाही. माणसे निघून जातील ही धास्ती, हाच पूर्वी सरकारवरील एकमेव अंकुश होता. भिंतीने तोही काढला.

जाणे अशक्य झाले म्हणजे राहण्याचाही कस जातो. ज्याला जाता येत नाही तो निष्ठेने राहिला की निरुपायाने, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, मग राज्याला ते कसे कळावे? भिंतीआड कोट्यवधी माणसे होती. त्यांतील किती समाजवादासाठी राहिली, हे मोजण्याचे साधनच राज्याने मोडून टाकले होते.

१९६४ पासून निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांना पश्चिमेतील नातेवाइकांना भेटण्यास जाता येऊ लागले. ते परत आले नाहीत तरी राज्याला विशेष चिंता नसे. ज्याच्या अंगात काम उरले आहे त्याला कोंडावयाचे आणि ज्याचे काम संपले त्याला सोडावयाचे, हा हिशेब कारखानदाराचा आहे. कामगारांच्या राज्याने तो करावा, यापरते दुर्दैव कोणते?

अर्ज, सौदा आणि हद्दपारी

१ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकी येथील करारावर पूर्व जर्मनीनेही सही केली. त्यातील मानवी संपर्काच्या कलमांचा आधार घेऊन सामान्य नागरिक देश सोडण्याचे रीतसर अर्ज करू लागले. अर्ज करणाऱ्या शिक्षकाची नोकरी जाई, मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागत, शेजारी बोलेनासे होत, आणि उत्तर येण्यास वर्षे लागत. त्या वर्षांत माणूस धड इकडचा नसे, धड तिकडचा नसे. १९८४ साली सरकारने दडपण कमी करण्यासाठी एकदम सुमारे चाळीस हजार लोकांना जाऊ दिले. परिणाम उलटा झाला. अर्ज आणखी वाढले.

याहून लाजिरवाणा प्रकार सौद्याचा होता. १९६०च्या दशकाच्या आरंभापासून १९८९ पर्यंत पश्चिम जर्मनीने पैसे आणि माल देऊन तेहेतीस हजारांवर राजकीय कैदी सोडवून नेले. या व्यवहारात आणि कुटुंबांच्या पुनर्मीलनात मिळून तीन अब्ज मार्कांहून अधिक रक्कम मोजली गेली. माणसाचे वस्तूत रूपांतर होते म्हणून भांडवलशाहीवर टीका करणाऱ्या राज्याने माणसांचीच किंमत ठरविली.

ज्यांना जावयाचे नव्हते त्यांना घालवून देण्यात आले, ही या नाण्याची दुसरी बाजू. वोल्फ बीरमान हा गीतकार-गायक मूळचा हाम्बुर्गचा. त्याचे वडील कम्युनिस्ट आणि ज्यू. १९४३ साली आउश्वित्झ येथे त्यांची हत्या झाली. बीरमान सोळाव्या वर्षी, १९५३ साली, आपण होऊन पूर्वेत गेला. म्हणजे ज्या वर्षी तीन लाखांवर माणसे तिकडून इकडे आली, त्या वर्षी हा मुलगा इकडून तिकडे गेला. त्याची गाणी पक्षाला झोंबली आणि १९६५ पासून त्याच्या कार्यक्रमांवर बंदी आली. नोव्हेंबर १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीतील धातुकामगार संघटनेच्या निमंत्रणावरून त्याला कोलोनला गाण्यास जाऊ दिले आणि तो तिकडे असतानाच त्याचे नागरिकत्व काढून घेतले. ज्यांनी निषेधपत्रकावर सह्या केल्या, त्यांतील अनेक लेखक-कलावंत पुढील काही वर्षांत देश सोडून गेले. त्याचा मित्र, नाझींच्या तुरुंगात राहून आलेला शास्त्रज्ञ रोबेर्ट हावेमान मात्र गेला नाही. त्याला घरातच स्थानबद्ध करण्यात आले. १९८२ साली मरेपर्यंत तो तेथेच राहिला आणि लिहीत राहिला.

बेर्बेल बोहले या चित्रकर्तीची गोष्ट हेच सांगते. जानेवारी १९८८ मध्ये रोझा लुक्झेम्बुर्ग आणि कार्ल लीब्क्नेख्ट यांच्या स्मृतिदिनाच्या सरकारी मिरवणुकीत काही नागरिकांनी वेगळ्या मताच्या माणसालाही स्वातंत्र्य असले पाहिजे, हे रोझाचेच म्हणणे फलकावर लिहून नेण्याचा प्रयत्न केला. अटकसत्र झाले. बोहले यांना तुरुंग किंवा परदेश असा पर्याय देऊन इंग्लंडला धाडण्यात आले. त्या ऑगस्टमध्ये परत आल्या. ज्या देशातून सारे जग बाहेर पडू पाहत होते, त्या देशात परत शिरण्यासाठी एक बाई झगडत होती. वर्षभराने ‘नवा मंच’ या नागरिकांच्या संघटनेच्या संस्थापकांत त्या होत्या.

दोन घोषणा

१९८९ साली हंगेरीने ऑस्ट्रियाच्या सीमेवरील तारा काढण्यास प्रारंभ केला आणि ११ सप्टेंबरपासून पूर्व जर्मनांना उघडपणे जाऊ दिले. हजारो माणसे प्रागमधील पश्चिम जर्मन वकिलातीच्या आवारात तळ ठोकून बसली. त्याच सप्टेंबरात लायप्झिगमधील सेंट निकोलस चर्चच्या सोमवारच्या शांतिप्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर जमू लागले. प्रारंभी जोराची घोषणा अर्जदारांची होती: “आम्हाला जाऊ द्या!” थोड्याच दिवसांत दुसरी घोषणा उठली: “आम्ही येथेच राहणार!” ही घोषणा सरकारला पहिलीपेक्षा अधिक भयंकर वाटली असल्यास नवल नाही. जाणाऱ्याला सीमेपलीकडे सोडून देता येते. राहणार म्हणून ठणकावणाऱ्याचे काय करावयाचे? ९ ऑक्टोबर रोजी सत्तर हजार माणसे लायप्झिगच्या रस्त्यावर उतरली आणि गोळी झाडण्याचे धैर्य सत्तेला झाले नाही.

हिर्शमन यांनी नंतर, १९९३ साली, आपल्या जुन्या मांडणीत भर घातली. बाहेर पडणे आणि आवाज उठविणे या दोन गोष्टी एकमेकींना मारक असतात, अशी त्यांची मूळची धारणा होती. १९८९ मध्ये त्या एकमेकींच्या साहाय्यास आल्या. गाड्या भरभरून माणसे गेली म्हणून मागे राहिलेले हादरले आणि बोलू लागले. आणि राहणारे बोलू लागले म्हणून जाणाऱ्यांचे जाणे ही नुसती पळापळ न राहता राजवटीवरील अविश्वासाचा ठराव झाला. तेव्हा जाणाऱ्याने राहणाऱ्याला भाबडा म्हणावे आणि राहणाऱ्याने जाणाऱ्याला गद्दार म्हणावे, या भांडणात फारसा अर्थ नाही. भिंत दोघांनी मिळून पाडली.

४ नोव्हेंबर रोजी बर्लिनच्या आलेक्सांडर चौकात लाखोंची सभा भरली. क्रिस्टा वोल्फ यांनी तेथे श्रोत्यांना, जेथून कोणीही निघून जात नाही अशा समाजवादाची कल्पना करावयास सांगितले. ८ नोव्हेंबरला त्यांनी दूरचित्रवाणीवरून जाणाऱ्यांना थांबण्याची विनंती केली. ९ नोव्हेंबरच्या रात्री भिंत उघडली.

पुढे काय झाले हे सांगणे समाजवाद्यांना कठीण जाते, पण सांगितले पाहिजे. १८ मार्च १९९० च्या मुक्त निवडणुकीत राहण्याची घोषणा देणाऱ्या नागरिक चळवळींच्या आघाडीला ३ टक्केही मते मिळाली नाहीत. त्वरित एकीकरण मागणाऱ्या आघाडीला ४८ टक्के मिळाली. लोकांची नवी घोषणा अशी होती की, पश्चिमेचा मार्क आमच्याकडे आला तर आम्ही राहू, न आला तर आम्ही त्याच्याकडे जाऊ. १ जुलै १९९० ला मार्क आला. त्याबरोबर सुमारे साडेआठ हजार सरकारी उद्योग आणि त्यांतील चाळीस लाख कामगार एका विश्वस्त संस्थेकडे विक्रीसाठी सोपविण्यात आले. किती कारखाने विकले गेले, किती बंद झाले, त्यांची कहाणी दीर्घ आहे. फळ एवढेच की, जाण्याचे स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही माणसे जातच राहिली. पुढील पंचवीस वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसांची निव्वळ घट पूर्वेला सोसावी लागली. त्यांत तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. गावोगावच्या शाळा बंद पडल्या, घरे ओस पडली. ओहोटी थांबावयास २०१७ साल उजाडावे लागले.

पूर्वी शिपाई माणसाला जाऊ देत नव्हता, आता बेकारी त्याला राहू देत नव्हती. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. बंदुकीच्या गोळीची आणि बेकारीच्या भत्त्याची बरोबरी करता येत नाही. बेकार माणूस निदान सभा भरवू शकत होता, मत देऊ शकत होता, परत येऊ शकत होता. परंतु निर्णय खरोखर त्याचा होता काय, हा प्रश्न दोन्ही वेळा विचारावा लागतो.

कार्यकर्त्यांसाठी

या इतिहासातून समाजवादी कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, देश सोडण्याचा आणि परत येण्याचा हक्क हा बिनशर्त मानला पाहिजे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमात तो सांगितलेला आहे. आपण सत्तेवर असताना हा हक्क पाळणे सोपे नसते. जुलै १९७७ मध्ये, आणीबाणीविरुद्ध लढून आलेल्या आणि ज्यात समाजवादीही होते अशा जनता सरकारच्या काळात, मनेका गांधी यांचे पारपत्र कारण न सांगता जप्त झाले. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात व्यक्तिस्वातंत्र्याचा व्यापक अर्थ लावला आणि सरकारने आपले वागणे न्याय्य आणि वाजवी असल्याचे दाखविलेच पाहिजे, हे तत्त्व घालून दिले. विरोधकाच्या हक्कासाठी न्यायालयाला सांगावे लागले; ते आपण होऊन सुचावयास हवे होते.

दुसरी गोष्ट, हा हक्क एकटा पुरत नाही. राहण्याचाही हक्क असतो. आणि तो नुसत्या कायद्याने मिळत नाही. काम, शाळा, दवाखाना, गावात मान, आणि आपले म्हणणे कोणीतरी ऐकते हा विश्वास, यांनी तो घडतो. शेजारच्या देशात जाणाऱ्या माणसाला थांबविण्यासाठी समाजवाद्याला दुसरे हत्यार नाही आणि असताही कामा नये. शिकविलेल्या डॉक्टरचा अन्याय दूर करावयाचा तर त्याच्या शिक्षणाच्या खर्चाचा करार करता येईल, खेड्यातील सेवेची अट घालता येईल, त्याला तेथे काम करण्याजोगी साधने देता येतील. त्याच्या दारात शिपाई उभा करता येणार नाही.

तिसरी गोष्ट घरातील आहे. हिर्शमनची कसोटी राज्याला लागते तशी पक्षालाही लागते. पंधरा-पंधरा वर्षे सभांच्या सतरंज्या घातलेला कार्यकर्ता एक दिवस येईनासा होतो. कोणी म्हणते तो संसारात गुंतला, कोणी म्हणते त्याला पदाचा मोह झाला. तो जाण्यापूर्वी कोणत्या बैठकीत काय बोलला होता आणि त्याचे काय झाले, याची चौकशी सहसा होत नाही. १६ जूनला बर्लिनचे कामगार सरकारी कचेरीच्या दारात उभे होते, तेव्हा त्यांच्याशी बोलावयास योग्य वेळी योग्य माणूस बाहेर आला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. पण बोलावयास आलेल्या माणसाला आत घेणे हे तर आपल्या हातात आहे. पुढच्या महिन्याच्या शाखासभांत हा विषय घ्यावा, गेल्या पाच वर्षांत येईनासे झालेल्या साथींची यादी करावी, आणि त्यांच्या घरी जाऊन त्यांचे ऐकून यावे. परत बोलावण्याचा आग्रह नंतर धरता येईल.